तक्रार नसलेला शिपाई

स्वातंत्र्य मिळाल्यावरच्या पहिल्या दिवाळीनंतर आमच्या चौक गावात मंत्री येणार असं ठरलं. लढाईवरून परतलेल्या शिपायांचं खातं ज्यांच्याकडे होतं, ते दाजीसाहेब ठोसर. तसं हे खातं कोणालाच नको होतं. ज्यांनी बेचाळीस साली तुरुंग भोगला त्यांच्या लेखी हे शिपाई म्हणजे इंग्रजांचे चाकर, आणि शिपायांच्या लेखी मंत्री म्हणजे कालपर्यंत सभांमधून त्यांना नावं ठेवणारा माणूस. मुंबईत म्हणे चांगली-चांगली खाती ज्याने-त्याने उचलली आणि उरलेलं ताट दाजीसाहेबांपुढे सरकवलं. पण माणूस गैर नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक त्यांना शिव्या घालतात. मीही घालतो. तरी माणूस गैर नव्हता.

दाजीसाहेबांचा एक नियम होता. शिपायांच्या नावाने अर्ज लिहून देणारे दलाल तेव्हा कर्जत-खालापुरात सुळसुळले होते. खोटी दुखणी, खोटे हुद्दे, आणि मिळालेल्यातला अर्धा वाटा दलालाच्या खिशात. दाजीसाहेब त्याला वैतागले आणि त्यांनी जाहीर केलं की मी कागद बघणार नाही, मध्यस्थ ऐकणार नाही. ज्याचं दुखणं त्याने माझ्यासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगावं, मी तिथल्या तिथे हुकूम देईन. ऐकून आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं तेव्हा मुंबई-पुणे रस्त्याला लागून चहाचं दुकान होतं, आणि दुकानात बसून मीच सगळ्यांना सांगत होतो की असा मंत्री पाहिजे.

आमच्या चौकाच्या वर, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या माथेरानला जाऊन घोडे धरायचे. सोनाबाईचा सहदेव तसाच. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो पाहुण्यांना पाठीवर घेतलेल्या घोड्यांचे लगाम धरून पॉइंटापॉइंटावर हिंडवायचा. लढाई पेटली तेव्हा भरतीवाले खेचरांच्या पलटणीसाठी जनावरातली माणसं शोधत आले, आणि सहदेव गेला. तिकडे त्याला ब्रह्मदेशात नेलं. परत आला तेव्हा अख्खी वाडी त्याला बघायला लोटली. हात शाबूत, पाय शाबूत, डोळे शाबूत. सोनाबाईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पलटणीच्या डॉक्टरनेही तो ठणठणीत आहे असंच लिहून दिलं होतं, आणि त्यावर कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

शंका माथेरानला आली. अड्ड्यावर एक घोडा खिंकाळला, तसा सहदेव लांबून धावत आला आणि दोन्ही हातांनी त्याचं नाक-तोंड आवळून लोंबकळला. घोड्याने गुडघे टेकले, पाठीवरची पाहुणी खाली पडली, तरी हा सोडीना. चौघांनी ओढून काढला. मालकाने त्याच दिवशी घरी पाठवलं. मग वाडीत शेजारच्या ठकीची शेळी मेली. मग एक कुत्रं. लोक म्हणाले, लागिरलं असेल, देवऋषी करा. केला. काही फरक पडला नाही.

आणि मग त्याला मुलगी झाली. जनी.

लहान मूल म्हटलं की रडणारच. सुंदरा, म्हणजे सहदेवची बायको, अंगणात भात कांडत होती आणि आत झोळीत जनी रडत होती. रडणं एकाएकी बंद झालं. पोर आपोआप गप्प झाली की आईला बरं वाटतं, पण सुंदराच्या हातातलं मुसळ तिथेच पडलं. आत जाऊन बघते तो सहदेव झोळीपाशी गुडघ्यावर बसलेला, आणि त्याचा पंजा पोरीच्या अख्ख्या तोंडावर. ओढून निघेना म्हणून ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तेव्हा तो भानावर आला. पोर निळी पडली होती, पण वाचली. सहदेव कोपऱ्यात जाऊन आपल्या हातांकडे बघत बसला आणि दिवसभर जेवला नाही.

त्या दिवसापासून सुंदरा पोरीला क्षणभर खाली ठेवीना. शेतात पाठीला, विहिरीवर कडेला. सोनाबाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिच्यावर सोपवायची सोय नव्हती. मध्ये सुंदरा साजगावला माहेरी निघून गेली, तर इकडे सहदेवने अन्नपाणी सोडलं. तो मरेल म्हणून लोकांनीच तिला परत आणलं. त्यात मीही होतो. म्हणजे एका घरात एक बाई, एका बाजूला नवरा आणि एका बाजूला पोर, आणि दोघांनाही जगवायचं तिनेच.

चौकात चांगोजी सुभेदार होते, पहिल्या लढाईतले म्हातारे. पांढऱ्या मिशा, काठी, आणि बोलणं सगळं हुकमी. त्यांनी सुंदराला सांगितलं, "पोरी, अशा शिपायांसाठी पलटणीचा येगळा दवाखाना हाय. म्या बघितलाय. डोक्यातली लढाई काढून टाकत्यात तितं. पन सरकारचा हुकूम लागतो. मंत्री येतोय, त्येचा एक शबूद पुरे. सहदेवनं निस्तं सांगायचं, माजं असं-असं व्हतंय."

सुंदराने हे पदराच्या गाठीसारखं धरून ठेवलं. रोज दुपारी ती ओट्यावर जनीला मांडीत घेऊन बसायची आणि सहदेवला समोर उभं करायची.

"मी मंत्री हाय," ती म्हणायची. "बोला, काय तरास हाय तुमाला?"

पहिल्या दिवशी सहदेव हसला. लढाईवरून आल्यावर पहिल्यांदा हसला म्हणतात. मग हळूहळू सांगू लागला. रानात जपान्यांना चाहूल लागू नये म्हणून साहेबाने खेचरांचे आवाज काढून टाकायचे ठरवले. डॉक्टर गळ्यात सुरी घालायचा आणि सहदेवने मुंडकं धरायचं. सगळी खेचरं त्याच्या हाताखालून गेली. रानात शिरल्यावर नवी खेचरं आली, त्यांना डॉक्टर मिळाला नाही. ती ओरडली की नाक-तोंड आवळून धरायचं. एकदा एक सुटलं, ओरडलं, आणि त्या आवाजावर तोफेचे गोळे आले. बाजूचे चौघे गेले.

"आता कुनीबी वरडलं की माजे हात जातात," सहदेव म्हणायचा. "मी नाय जात. हातच जातात. मला हितून कुटंतरी न्या, सायेब. माजी पोर मरंल."

इतकं नीट, इतकं सरळ सांगायचा की ऐकून सुंदरा मंत्रिपद विसरायची आणि तोंडाला पदर लावायची. मग पुन्हा डोळे पुसून, "परत सांगा." चार-सहा दिवसांत त्याचं सगळं बोलणं पक्कं झालं. वाडीतल्या बायकाही कुडाआडून ऐकायच्या आणि म्हणायच्या, झालं, सुटली बाई एकदाची.

सभेच्या आदल्या दिवशी सुभेदारांनी फर्मान काढलं की सगळे शिपाई गणवेशात पाहिजेत. चौकाची अब्रू आहे, मंत्र्यांपुढे गबाळे उभे राहू नका. सुंदराने ट्रंकेतला खाकी गणवेश काढला, रिठ्याने धुतला, तांब्यात निखारे घालून त्याला कडक इस्त्री केली. पट्टा चिंचेने घासला. सहदेवची दाढी करवून घेतली. सभेच्या दिवशी तो वाडीतून उतरला तेव्हा रस्त्यावरची माणसं बघत राहिली, इतका देखणा दिसत होता. माझ्या दुकानासमोरून जाताना सुंदरा मला म्हणाली, "दादा, आज व्हनार बगा काम." मी तिला चहा देऊ केला तर घेतला नाही, उपास होता तिचा.

शाळेपुढच्या आंब्याखाली रांग लागली. दाजीसाहेब आले, खादीचं धोतर, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. मंचावर न चढता ते थेट रांगेपाशी गेले आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारू लागले, "काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा." आवाज बेताचा होता त्यांचा. मागे चालणाऱ्या सुभेदारांना वाटलं, रांगेला ऐकू जात नाही. मदत म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी तोच प्रश्न पलटणी थाटात ओरडून विचारायला सुरुवात केली, "कोई तकलीफ?"

सहदेवच्या आधी गजा उभा होता. हा गडी सगळी लढाई पुण्यात कांदे चिरत बसलेला. त्याने गुडघे, कंबर, डोळे अशी आपल्या देहाची सगळी यात्रा मंत्र्यांना घडवली. दाजीसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं, कारकुनाला काहीतरी सांगितलं आणि गजा हसत बाजूला झाला.

मग सहदेव. दाजीसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "तुमची काही अडचण?"

मागून सुभेदार गरजले, "कोई तकलीफ?"

सहदेवच्या टाचा खाडकन जुळल्या. छाती पुढे आली, हनुवटी वर गेली, नजर मंत्र्यांच्या टोपीवरून पलीकडे गेली.

"कोई तकलीफ नहीं, साब!"

बायकांच्या बाजूला सुंदरा उभी होती. तिच्या तोंडाकडे मला बघवेना. दाजीसाहेब मात्र थबकले. सकाळपासून त्यांनी मागणाऱ्यांशिवाय दुसरं कोणी पाहिलं नव्हतं. "खरंच काही नको?" त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, आधीपेक्षा मोठ्याने. दाजीसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून सहदेवच्या गळ्यात घातला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "मंडळी, हा जवान बघा. आपला देश अशा माणसांवर उभा राहणार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, टाळ्या वाजवायला निमित्तच हवं असतं.

"खोटं हाय त्ये!"

सुंदरा पोरीला घेऊन रांगेत घुसली होती. सुभेदार काठी आडवी धरून, "पोरी, माघारी हो," म्हणत होते, पण दाजीसाहेबांनी त्यांना थांबवलं आणि तिला बोलू दिलं. ती धाप टाकत, अर्धवट, पुढचं मागे करत बोलली. पोर दाखवली. सहदेवचे हात दाखवले. "ह्ये आजारी हायेत, सायेब. घरी सगळं सांगत व्हते. रोज सांगत व्हते. हितं आल्यावर काय झालं मला ठावं नाय."

दाजीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सहदेवला विचारलं, "बाई म्हणतात ते खरं आहे का? घाबरू नका."

"नहीं, साब!"

कोणीतरी हसलं. मग आणखी चार जण हसले. सुंदराने सहदेवचा दंड धरून हलवला, पण तो हलायला तयार नव्हता, सरळसोट खांब. दाजीसाहेब अवघडले. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून कोणाला वेड्यांच्या दवाखान्यात टाकायला लागलो, तर उद्या कोणीही कोणालाही टाकील. त्यांनी स्वतः सांगायला हवं. त्यांनी कधीही सांगू दे, मी ऐकेन." बोलणं काही चुकीचं नव्हतं. मोटार पुढे खालापूरला गेली.

घरी पोचून गणवेश उतरवला, धोतर नेसलं, आणि सहदेव चुलीपुढे बसून ढसाढसा रडला. "मला बोलायचं व्हतं गं. तोंडातून येकच निघलं." सुंदराने त्या दिवसापासून एकच घोकलं, की कपड्यांनी घात केला, धोतरात उभा केला असता तर बोलला असता. सुभेदारांना ती पुढे कधी रामराम घालीना. म्हाताऱ्यालाही कळलं होतं. ते माझ्या दुकानात यायचे, चहा निवेपर्यंत बसायचे आणि न पिता जायचे.

हिवाळा गेला. दाजीसाहेबांच्या मनात ती बाई राहिली होती, हे मला चैत्रात कळलं. खालापूरहून कर्जतला जाताना त्यांची मोटार माझ्या दुकानाशी थांबली. बरोबर फक्त कारकून होता. "त्या सहदेवचं घर दाखवाल का?" ते म्हणाले. "ती लहान मुलगी कशी आहे ते मला बघायचं आहे. झोपेतसुद्धा आठवते." मी दुकान तसंच टाकून त्यांना वाडीकडे नेलं. उन्हात, ढेकळांतून ते धोतर सावरत चालत होते. वाटलं, चला, उशिरा का होईना, ज्याचं काम त्याला आठवलं.

राबाची भाजणी चालू होती. पावसाआधी भाताचं बी टाकायचं त्या तुकड्यावर डहाळ्या, शेण, पाचोळा पसरून जाळायचा, ही आमच्याकडची रीत. सहदेव लंगोटीवर, राखेने काळा झालेला, जाळाच्या कडेने मातीचे गोळे लावत होता. दाजीसाहेबांची पांढरी टोपी दिसली मात्र, हातातली पाटी टाकून तो टाच जोडून उभा राहिला. लंगोटीतच. सुंदरा बांधावर होती. तिने ते बघितलं आणि गणवेश नसला की तो बोलेल हा तिचा धीरही तिथे संपला.

"मी तुमच्यासाठी नाही, हिच्यासाठी आलो आहे," दाजीसाहेब म्हणाले आणि जनीपुढे ढेकळात बसले. जनी आता चालायला लागली होती. गाल भरलेले, अंगावर कुठे वळ नाही, खूण नाही. त्यांनी तिची हनुवटी उचलून गळा बघितला, हात बघितले. "आता काही त्रास होतो का हिला?"

सुंदरा खोटं बोलली असती तर! पण तिला ते जमत नव्हतं. "आता नाय व्हत, सायेब. पौषापासनं त्यांचा हात गेलाच नाय तिच्यावर. पोर शानी झालीय, रडत नाय. पन ह्ये बरे नाय झाले. राती बसून ऱ्हातात. त्येंना दवाखान्यात न्याच."

"मूल रडत नाही?"

"नाय, सायेब. लई गुनाची हाय."

ते बोलत असताना जनी सरकत-सरकत राबाच्या कडेला गेली आणि वरून राखाडी दिसणारा, आतून धगधगता शेणाचा गोळा तिने मुठीत उचलला. मी ओरडलो. गोळा पडला. तिची बोटं भाजली होती. तिने तोंड उघडलं, एवढं मोठं उघडलं की आतली पडजीभ दिसली. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज मात्र आला नाही. मी वाट बघत होतो. पोरं कधी श्वास धरून मग टाहो फोडतात, तसं असेल वाटलं. पण तिने तोंड मिटलं आणि नाकाने श्वास घेतला, बस.

दाजीसाहेबांनी धावत जाऊन तिला उचललं, बोटांवर फुंकर घातली, कारकुनाच्या हातातल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी ओतलं. बापासारखं केलं सगळं. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांचं ओझं उतरल्यावर माणसाचा होतो तसा.

"बघा, बाई," ते म्हणाले. "एवढं भाजलं, पण हूं नाही की चूं नाही. ज्या घरात भीती असते ना, तिथली मुलं सारखी किरकिर करतात. तुम्ही उगाच धास्ती घेतलीत. मला आज फार बरं वाटलं." त्यांनी जनीला सुंदराच्या कडेवर दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, सहदेवकडे बघून मान हलवली. जाताना बांधावरच त्यांनी कारकुनाला सांगितलं, "हे प्रकरण मिटलं असं समजा."

मी बोलायला हवं होतं असं लोक म्हणतात. काय बोलणार? मला तेव्हा काही कळलंच नव्हतं. मी मोटारीपर्यंत पोचवायला न जाता तिथेच राहिलो, कारण सुंदरा जनीकडे बघत होती आणि ते बघणं काही बरं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "ही रडली नाय."

"नाय रडली," मी म्हटलं.

"आमी म्हनत व्हतो, शानी झाली. म्या सोता सगळ्यांना सांगत व्हते." तिने पोरीला खाली मातीत बसवलं, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि तिच्या दंडाला जोराने चिमटा काढला. पोरीचे डोळे भरले. तिने आधी मान वळवली आणि बापाकडे बघितलं. सहदेव मोटारीच्या दिशेने तोंड करून अजून टाच जोडून उभा होता.

"रड गं," सुंदरा म्हणाली. तिने दुसरा चिमटा काढला, मांडीला. "रड माजे बाय. काय व्हत नाय. म्या हाय ना. येकडाव रड."

जनीने आपला भाजलेला हात उचलला आणि स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला. सुंदरा चिमटे काढत राहिली, आणि पोर हात आणखी घट्ट दाबत राहिली.